आगटीभोवतीची जागा

वसईकडच्या आमच्या बांधवांना आगेऱ्याचा सण समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणायच्या, धर्मगुरूंनी त्यांवर आशीर्वाद मागायचा आणि त्यातली एखादी लोंबी घरच्या वेदीजवळ वर्षभर जपून ठेवायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गोव्यात ५ ऑगस्टला रायच्या चर्चमध्ये कणसांचे फेस्त होते, तेव्हाही हेच घडते. आम्ही स्वतः भातखाचरांच्या मुलखात वाढलो. त्यामुळे नवान्न म्हणजे भात, आणि ते आधी देवाच्या दारी न्यायचे, एवढेच आम्हांला ठाऊक होते. नवान्नाचा दुसरा एक सण शेतातच बसून साजरा होतो, त्याची वेदी जमिनीत खणलेली असते आणि तिच्यात गोवऱ्या पेटलेल्या असतात, हे आम्हांला परभणी जिल्ह्यात आल्यावर कळले. त्या सणाचे नाव हुरडा.

गेल्या जानेवारीत, एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर, धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्ही गंगाखेडच्या वाटेवरील एका शिवारात हुरडा खाण्यास गेलो होतो. त्या दिवसाची हकीकत सांगण्यापूर्वी हुरड्याचा मागचा इतिहास सांगणे आवश्यक आहे; कारण त्या दिवशी जे घडले, त्याचा अर्थ त्या इतिहासावाचून उलगडणार नाही.

रब्बीची ज्वारी हे काळ्या जमिनीचे लाडके पीक होय. पावसाळा सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ती पेरायची. पुढे पाऊस पडला तर पडला. नाही तर जमिनीच्या पोटातील ओल आणि पहाटेचे दव यांवरच ती वाढते. डिसेंबर संपता संपता तिच्या कणसात दूध भरते. दाणा दुधाळपणा सोडून घट्ट होऊ लागतो, पण पुरता वाळलेला नसतो, अशा वेळी तो सर्वांत गोड असतो. एका शेतात ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. तेवढ्यात शेताच्या कडेला हातभर खड्डा खणतात. त्यात गोवऱ्या पेटवून निखारे करतात. हीच आगटी. कणसे तिच्या फुफाट्यात खुपसायची, भाजली की बाहेर काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारून भूस उडवायचे आणि गरम हिरवे दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. सोबत जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि मडक्यातले दही. शेतात हरभऱ्याचे डहाळे असतात, बांधावर बोरे असतात, तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या असतात. त्याच निखाऱ्यांवर वांगी भाजून भरीत होते. बाजारातून आणावे असे त्यात काहीच नसते. शेताने जे दिले, ते शेतातच बसून खायचे, हा त्या दिवसाचा नियम असतो.

हुरडा सगळ्याच ज्वारीचा चांगला होत नाही. त्यासाठी गुळभेंडी, सुरती अशी गोड, मऊ आणि कणसातून सहज सुटणाऱ्या दाण्यांची वाणे शेतकरी दोन-चार ओळी वेगळी पेरतात. सुरतेकडे याच कोवळ्या ज्वारीला पोंक म्हणतात आणि उत्तर कर्नाटकात सीतनी. लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येला येळवस साजरी होते. त्या दिवशी गाव ओस पडते आणि सारी माणसे शेतातील कडब्याच्या खोपीत भज्जी, आंबील आणि खीर खाण्यास जमतात. कानडी मुलखात त्याच सणाला येळ्ळ अमावास्या म्हणतात. भाषा बदलते, पंचांगातील दिवस बदलतो. पण पीक उभे असताना माणसांनी शेतात जाऊन एकत्र जेवायचे, ही इच्छा साऱ्या दख्खनच्या पठारावर एकच आहे.

ज्वारी मूळची येथली नव्हे. आफ्रिकेत, आजच्या पूर्व सुदानच्या परिसरात, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने तिची लागवड केल्याचे पुरावे मिळाले आहेत. समुद्र ओलांडून ती येथे आली आणि इतकी येथलीच झाली की मराठवाड्याच्या माणसाला भाकरी म्हटले की दुसरे धान्य आठवत नाही. तिची भाकरी माणसाला आणि कडबा बैलाला. एका ताटाने दोघांचे पोट भरले. संत जनाबाईंचे जन्मगाव गंगाखेड याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी आहे. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या स्त्रीचे नाव मराठी माणूस जात्यापासून वेगळे करू शकत नाही. धान्य पिकवणारा, दळणारी आणि खाणारा हे नेहमी एकच नसतात, याची आठवण तिच्या नावातच आहे.

या धान्याचा अभ्यासही परभणीतच रुजला. निजामाच्या राजवटीत १९१८ साली येथे प्रायोगिक शेतीक्षेत्र सुरू झाले. १९५६ साली कृषी महाविद्यालय आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव आहे. ‘परभणी मोती’ हे टपोऱ्या, चमकदार दाण्यांचे रब्बी वाण येथलेच. दाण्यात लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाण याच विद्यापीठाने पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने २०१८ साली पुढे आणले.

आता आमच्या अज्ञानाची गोष्ट सांगतो. मराठवाड्यात नवे असताना एका शेतकऱ्याने आम्हांला हुरड्याचे आमंत्रण दिले. पोटभर खाऊन झाल्यावर, आपण फुकटचे खाल्ले असे वाटू नये म्हणून आम्ही सहज विचारले, “किलोला काय भाव पडतो याचा?” त्या वृद्ध गृहस्थाचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “फादर, हुरड्याला भाव नसतो. भाव जवारीला असतो.” शहरातील शिष्टाचार आम्हांला येत होता; शेतातील शिष्टाचार येत नव्हता. पिकून, खळ्यावर येऊन, मापात पडले की ते धान्य विकायचे. पण उभ्या शेतातले कोवळे कणीस हे विकायचे नसते, वाटायचे असते. वाटसरूही बांधावर आला तर त्याला हाक मारून बसवायचे. त्याने पोटभर खावे. मात्र पोते भरून नेऊ नये.

त्या रात्री घरी येऊन आम्ही जुना करार उघडला. सेमिनरीत अनुवादाचे पुस्तक आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. त्याच्या तेविसाव्या अध्यायात अगदी हाच नियम आहे: शेजाऱ्याच्या उभ्या शेतात हाताने कणसे खुडण्यास मोकळीक आहे, पण त्याच्या पिकाला विळा लावण्यास मनाई आहे. लेवीयाच्या पुस्तकात प्रथमफळ म्हणून विस्तवावर भाजलेली कोवळी कणसे देवाला अर्पण करण्याची आज्ञा आहे. आणि संत लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूचे शिष्य शब्बाथ दिवशी शेतातून जाताना कणसे खुडतात आणि हातांवर चोळून खातात. ‘चोळून’ हा तपशील लूकनेच नोंदवला आहे. परुश्यांनी शिष्यांवर चोरीचा आरोप केला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांचा आक्षेप होता तो शब्बाथ मोडल्याचा. परक्याच्या शेतातील मूठभर दाणे हा भुकेल्याचा हक्कच होता. त्याविषयी वाद नव्हता. त्या प्रदेशात कोवळा गहू भाजून, चोळून खाण्याची रीत आजही आहे. त्या पदार्थाला अरबीत फ्रीके म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच ‘चोळलेले’ असा आहे. गॅलिलीची शेते आणि गंगाखेडची शेते यांत हजारो मैलांचे अंतर आहे. तळहाताची ती हालचाल मात्र एकच आहे.

हे सारे कळल्यावर आम्हांला मोठा आनंद झाला आणि काही वर्षे आम्ही प्रवचनांतून हुरड्याचे गुणगान करीत राहिलो. मग एके दिवशी मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक आजी थांबली. ती म्हणाली, “फादर, तुमी सांगता ते खरं आसंल. पर आमी आगटीपाशी कवा बसलोच न्हाई. पीक निघाल्यावर मागनं सरवा येचायला जायचो.”

त्या एका वाक्याने आम्ही रचलेले सुंदर चित्र अर्धे पुसले गेले. वाटसरूला हाक मारून बसवणाऱ्या त्याच शिवारात, गावकुसाबाहेरच्या माणसांना आगटीच्या कडेला जागा नव्हती. त्यांना हुरडा मिळत नसे असे नाही. मिळे, पण दूर बसून, वरून ओंजळीत टाकलेला. गावगाड्यात बलुतेदारांना धान्याचा वाटा ठरलेला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, प्रत्येकाची कामे ठरलेली आणि प्रत्येकाच्या पेंढ्या ठरलेल्या. काहींना ही व्यवस्था परस्पर आधाराची वाटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना ती माणसाला कायमचे मिंधे ठेवणारी वाटली, आणि म्हणूनच त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. जो वाटा मागितल्यावाचून मिळत नाही आणि ज्याच्या बदल्यात मान खाली घालावी लागते, तो वाटा आणि पंगतीतील जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठवाड्यातील आमच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या आज्या-पणज्या सरवा वेचणाऱ्या होत्या. हे लपवून हुरड्याचा इतिहास लिहिता येणार नाही.

सरवा वेचणारी आणखी एक स्त्री पवित्र शास्त्रात आहे. रूथ परदेशी होती, विधवा होती. कापणी करणाऱ्यांच्या मागून पडलेली कणसे वेचणे हा तिचा नियमाने मिळालेला हक्क होता, कारण शेताच्या कडा आणि पडलेली कणसे गरिबांसाठी सोडण्याची आज्ञा लेवीयात आहे. पण बवाज हक्कापाशी थांबला नाही. जेवणाच्या वेळी त्याने तिला जवळ बोलावले, कापणाऱ्यांच्या पंगतीत बसवले आणि भाजलेले धान्य स्वतः तिच्या हाती दिले. ती पोटभर जेवली आणि तिच्याजवळ उरलेही. नियमाने सरवा मिळतो. जागा मात्र माणसानेच द्यावी लागते. आजीच्या बोलण्यानंतर रूथच्या पुस्तकाचा हा दुसरा अध्याय आम्ही नव्याने वाचला.

याच आजीकडून आम्ही १९७२ च्या दुष्काळाची हकीकत ऐकली. लागोपाठ पावसाने दगा दिला आणि १९७२-७३ साली मराठवाड्याची शेते उघडी पडली. पेरलेले उगवले नाही, उगवलेले टिकले नाही. ज्वारीच्या मुलखात त्या वर्षी हुरडा झाला नाही. रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळू लागली. ज्वारीचीच ती बहीण, पण तिची भाकरी लोकांच्या घशाखाली उतरत नसे. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आजीने त्या वर्षी खडी फोडली. तिच्या शेजारी बसून गावातील जमीनदाराच्या घरची सूनही खडी फोडत होती. “तवा समदे एका वळीत बसलो,” आजी म्हणाली. पिकाच्या वर्षांत जी ओळ जुळली नाही, ती दुष्काळात जुळली. असे एकत्र येणे देव कोणावर न आणो. पण ते घडले, हे नोंदवले पाहिजे.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत शिवार बदलले. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यात आले. पाणी आले तसा ऊस आला. खरिपात संकरित ज्वारी आली. तिने उत्पन्न वाढवले, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की तिचे दाणे काळे पडत. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन वाढले, २००२ नंतर बीटी कापूस आला. ज्वारीची काढणी हाताने करावी लागते, मजूर मिळत नाहीत, पाखरे राखावी लागतात. आणि बैल कमी झाल्याने कडब्याची गरजही घटली. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागल्यावर गरिबाच्या घरातील भाकरीची जागा पोळीने घेतली. मग संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. डॉक्टर मधुमेहाच्या रोग्यांना भाकरी सांगू लागले, आणि बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग झालेली लोकांनी पाहिली. जे अन्न गरिबीची खूण म्हणून लपवले जात होते, ते शहाणपणाची खूण म्हणून मिरवले जाऊ लागले.

त्याच सुमारास हुरड्यालाही भाव आला. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्याआधीपासूनच शहरांजवळच्या शेतांत हुरडा पार्ट्या सुरू झाल्या होत्या. मंडप, खुर्च्या, गाणी, माणशी ठरावीक दर. गेल्या जानेवारीत आम्ही ज्या शेतात गेलो, ते त्याच वृद्ध शेतकऱ्याचे होते, ज्याने एकेकाळी आमच्या प्रश्नाने मान खाली घातली होती. तो आता हयात नाही. त्याच्या मुलाने आम्हांला फोनवरच माणशी दर सांगितला. सांगताना तो अडखळला. सहा एकरांत त्याचे सोयाबीन आणि कापूस असतो. दोन एकर ज्वारी त्याने हुरड्यासाठीच राखली आहे. हे पैसे आले नाहीत तर पुढच्या वर्षी तीही जाईल, असे तो म्हणाला.

बापाने नाकारलेला भाव मुलगा मागतो, म्हणून त्याला दोष द्यावा काय? आमच्या मनात तो विचार येऊन गेला, हे कबूल करतो. पण बापाच्या काळी हुरडा फुकट होता तेव्हा त्याची पेरणी, राखण आणि भाजणी यांतले पुष्कळ श्रमही फुकटच होते, आणि ते श्रम करणाऱ्यांना आगटीभोवती जागा नव्हती. आज त्या मुलाच्या शेतात कणसे भाजणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी मिळते. दर ठरल्याने देणगीचे सौंदर्य गेले, हे खरे. त्याचबरोबर मिंधेपणही काही अंशी गेले. पैसे मोजणारा कोणीही त्या वर्तुळात बसू शकतो. त्याचे आडनाव कोणी विचारत नाही. मात्र ज्याच्यापाशी पैसे नाहीत तो पुन्हा बांधाबाहेरच राहतो. जुनी भिंत पडली तेथे नवे फाटक बसले आहे. ते उघडे कसे ठेवावे, हा आपल्या पिढीपुढचा प्रश्न आहे.

आमच्या धर्मग्रामाने त्यावर एक साधा उपाय केला. ज्या कुटुंबांना शक्य होते त्यांनी आपल्या माणसांहून दोन जादा माणसांचे पैसे पेटीत टाकले. कोणाचे कोणी भरले, हे कोणालाच कळू दिले नाही. त्यामुळे सारी एकत्र आली. शिक्षक, बँकेतील कारकून, वीटभट्टीवर काम करणारी दोन कुटुंबे, आणि ती आजीही.

सकाळचे ऊन अजून कोवळे होते. मुले डहाळे उपटून आणीत होती, कोणी तुरीच्या शेंगा सोलीत होते. आगटी पेटली. शेतमालकाच्या मुलाने पहिली कणसे फुफाट्यातून ओढली, त्यांवरची राख झटकली आणि चोळू लागला. आजी सवयीने उठली आणि मागे, ताटांच्या ओळीपाशी जाऊन उभी राहिली. त्याला तिची हकीकत ठाऊक नव्हती. तिचे वय पाहून तो म्हणाला, “माय, तिकडं कशाला उभी ऱ्हातीस? हितं जवळ बस, हातावर गरम घे.” आणि पहिली मूठ त्याने तिच्या ओंजळीत घातली.

आजी बसली. तिने चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. ती काही बोलली नाही; आम्हीही बोललो नाही. मग तिने उरलेले अर्धे दाणे पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली. सरवा वेचण्याच्या दिवसांची ती सवय असावी. अनुवादाच्या नियमाप्रमाणे शेतातले खावे, बांधून नेऊ नये. तेवढा नियम त्या दिवशी मोडला गेला. मालकाच्या मुलाने ते पाहिले, आणि आणखी दोन कणसे चोळून तिच्या पदरात टाकली.